श्रीमती ओ. ब्रॅडशॉ यांचं खोकं

स्मिथ बेट, मेरीलँड
१४ जानेवारी २००८

कुत्र्याला कुणी विचारलं नव्हतं, मांजराला कुणी विचारलं नव्हतं, खेकड्याला तर नाहीच नाही. पण त्यांना तोंड नाही, मला आहे. मला न विचारता तू माझं नाव राजधानीत आमदारांच्या कागदावर लिहून दिलंस, आणि मला ते कळतं कुणाकडून? ओडेसाकडून! पोस्टातून येता येता माझ्या दारात उभी राहून म्हणते, "अगं ऑर्फा, तुझी केकची कृती म्हणे सभेत वाचणार!" तोंडावर हसू असं, की जणू माझे आतले कपडे वाऱ्यानं उडून तिच्या अंगणात पडलेत.

आता विचारपूस. मी बरी आहे. गुडघा बरा नाही. तुझा बाप रोज ऑयस्टर काढायला जातो आणि ओले बूट माझ्या चुलीपुढे आणून ठेवतो. म्हणजे तोही बरा आहे.

तू पाठवलेलं राज्याचं पुस्तक पाहिलं. मी सहावीपर्यंत शिकले, पण चित्रं होती म्हणून जमलं. ट्वायला, हे लोक पगार घेऊन हे ठरवत बसतात का? राज्याचा कुत्रा, राज्याचं मांजर, राज्याचं कासव. मांजर तीन रंगांचंच हवं म्हणे. माझ्या मागच्या दारी अकरा आहेत, सरकारनं येऊन हवी ती न्यावीत. राज्याचा खेळ काय, तर घोड्यावर बसून भाल्यानं लटकत्या कड्या उचलायच्या. चौऱ्याहत्तर वर्षांत मी या बेटावर घोडा पाहिलेला नाही. राज्यातला सगळ्यात उंच डोंगर तीन हजार तीनशे साठ फूट. आपल्याकडची सगळ्यात उंच जागा म्हणजे माझ्या ओसरीच्या पायऱ्या.

आणि ते बोधवाक्य! परक्या भाषेत आहे म्हणून इतकी वर्षं खपलं. खाली अर्थ दिलाय, पुरुषांची करणी आणि बायकांची बोलणी. ज्यानं हे लिहिलं त्याला जूनमध्ये माझ्या शेजारी खेकडे सोलायला बसवा. पहाटेपासून दुपारपर्यंत. मग विचारा, करणी कुणाची.

तर सांगायचं ते हे. केकला राज्याची गरज नाही. आम्ही तो आमच्या माणसांच्या डब्यात घालतो, कुणी वारलं की त्यांच्या घरी नेऊन ठेवतो, देवळाच्या जत्रेत लावतो. यात आमदार कुठेच येत नाहीत. माझं नाव खोडून टाक. कृती मी देणार नाही. कृती हातात असते, कागदावर नसते.

फोन करू नकोस. फोन स्वयंपाकघरात आहे आणि ओडेसा रोज दुपारी तिथेच असते.

तुझी आजी
ऑर्फा

*

अनॅपोलिस
१९ जानेवारी २००८

लाडक्या आजी,

मांजराला विचारलं नाही हे खरं. पण मांजरानं तीन पानी पत्र लिहून माझी खरडपट्टीही काढली नाही.

चुकले. आधी तुला विचारायला हवं होतं. झालं असं, की आमच्या आमदारबाईंनी आपल्या केकला राज्याचं गोड पक्वान्न म्हणून मान्यता द्यायचा ठराव मांडलाय. एकवीस फेब्रुवारीला समितीपुढे सुनावणी आहे. बेटावरून केक यायचे, प्रत्येक सभासदाच्या पुढे एक एक तुकडा ठेवायचा, आणि बेटावरच्या एखाद्या जुन्या बाईनं स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं काहीतरी वाचून दाखवायचं. थर आठ ते दहा का, इतके पातळ कसे होतात, सगळं. बाईंनी विचारलं, तिथे सगळ्यात चांगला केक कोण करतं? मी काय सांगणार होते? ओडेसाचं नाव?

आता खरी गोष्ट. मला घरी यायचंय.

बारा वर्षं मी इथे दुसऱ्यांची पत्रं टाइप करतेय. हार्लनकाकांचं दुकान बंद पडलंय ना, त्यांच्या बायकोला मी विचारलं. ती म्हणाली, घे, रिकामं पडून तरी कुजतंय. तिथे मला केकची भट्टी घालायचीय. केक राज्याचा झाला तर बाल्टिमोरपासून लोक मागवतील, आणि उन्हाळ्यात खेकडे नेणारी बोट बाराही महिने केक नेईल. ठराव बारगळला तर नुसत्या बेटावरच्या माणसांना मी केक काय विकणार? ती तुझ्याकडे येऊन फुकट खातात.

माझ्या घरमालकीण, मिसेस पेत्राकिस, यांना एक मार्चपर्यंत सांगायचंय, खोली आणखी वर्षभर ठेवणार की सोडणार. म्हणजे सगळं तुझ्या एका कागदावर अडलंय.

आजी, तू नकार का देतेस? लहानपणी केक करताना तू मला बाहेर काढून दार लावून घ्यायचीस. मी आता चौतीस वर्षांची आहे. आता तरी दार उघड.

तुझी
ट्वायला

*

स्मिथ बेट
२५ जानेवारी २००८

ट्वायला,

दार मी वारा आत येऊ नये म्हणून लावायचे. वाऱ्यानं थर बसतात.

घरी येऊन काय करणार आहेस? इथे शाळेत मुलं बोटांवर मोजण्याइतकी उरली. भरतीचं पाणी आलं की रस्त्यावर मासे पोहतात. तिथे तुला पक्की खोली आहे, शेजारी दवाखाना आहे, तिसऱ्या गल्लीत म्हणे सिनेमा आहे. माणसानं असं सगळं सोडून चिखलात परत येऊ नये.

जुन्या बाईचंच लिहिलेलं हवं असेल तर ओडेसाला सांगा. तिला वाचून दाखवायची हौस आहे. नाहीतर ओनाइडाला. ओनाइडाचे थर नऊ असतात आणि ती दहा सांगते, पण आमदार काय मोजणार आहेत?

एक काम कर. तुझी मेव्हिस आजी पलीकडे क्रिसफील्डला घसरून पाय मोडून बसलीय. बहीण माझी असली तरी बर्फावर सपाता घालून चालते, तिला मी काय सांगू? तिच्या मागच्या खोलीत माझं एक खोकं आहे, हिरव्या सुतळीनं बांधलेलं. दर दोन महिन्यांनी तीच बोटीवर चढवते. रविवारी तिला भेटायला जा, सूप घेऊन जा, आणि ते खोकं कॅप्टन ड्वेनच्या बोटीवर दे. उघडू नकोस. त्यात बायकांच्या गोष्टी आहेत.

आजी

*

अनॅपोलिस
३ फेब्रुवारी २००८

आजी,

तुझं काम केलं. मेव्हिस आजी मजेत आहे. पाय खुर्चीवर, जीभ सगळ्या गावावर. खोक्याचं विचारलं तर इतकी हसली, की प्लास्टर हललं. सांगेना काही.

"तुझ्या आजीला विचार," म्हणाली. "आणि विचारताना दारापाशी उभी राहा. पळता येईल."

खोकं उघडलं नाही. बायकांच्या गोष्टी फार जड असतात एवढं कळलं. त्यावर कचेरीतून नेलेली छापील चिठ्ठी लावली, "श्रीमती ओ. ब्रॅडशॉ, स्मिथ बेट", आणि कॅप्टन ड्वेनच्या हातात दिलं. तो म्हणाला, खाडी गोठायला लागलीय, उद्यापासून बोट निघेल असं दिसत नाही. म्हणजे खोकं सध्या धक्क्यावरच असेल.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दवाखाना, सिनेमा, पक्की खोली. एवढी या खोलीची तारीफ मिसेस पेत्राकिससुद्धा करत नाहीत. मी परत यावं असं तुला वाटत नाही, हे कळलं. तुझ्या मागच्या दारी अकरा मांजरं राहतात आणि बारावीला जागा नाही. असो.

ओडेसाकाकूला कळवलंय, तिनं हो म्हटलंय. केक देवळाच्या हॉलमध्ये करणार आहेत म्हणे, सगळ्याजणी मिळून. तू गेली नाहीस तरी चालेल. खोली मी आणखी वर्षभर ठेवीन म्हणते.

ट्वायला

*

स्मिथ बेट
१६ फेब्रुवारी २००८

बारा वर्षं सरकारी कचेरीत बसून तुला इतकं विसरायला झालं? "ओ. ब्रॅडशॉ"? मुली, या बेटावर ओ. ब्रॅडशॉ तीन आहेत! ऑर्फा, ओडेसा आणि ओनाइडा. इथे सामानावर नवऱ्याचं नाव घालतात हे कुत्र्यालाही ठाऊक आहे. एलिसची ऑर्फा. एलिसला जाऊन सोळा वर्षं झाली तरी सामान माझ्याकडे त्याच्याच नावानं येतं. अख्ख्या जन्मात त्यानं वेळेवर केलेलं तेवढंच काम, आणि तू तेही बंद पाडलंस.

झालं काय ते ऐक. खाडी अकरा दिवस गोठलेली. काल बर्फ फुटला आणि ड्वेनची बोट आली. मी म्हणाले होते हॉलवर जाणार नाही, पण ओडेसा थरांमधल्या लेपाचं चॉकलेट जाळते हे मला माहीत आहे, आणि बेटाची अब्रू माझीही आहे. म्हणून गेले. नऊजणी होतो. चार शेगड्या पेटलेल्या, टेबलभर पत्र्याच्या थाळ्या. ओडेसा मध्ये उभी राहून हुकूम सोडत होती. तेवढ्यात ड्वेन खोकं घेऊन दारात.

"ओ. ब्रॅडशॉ," म्हणाला. "कुठली ते लिहिलेलं नाही. तिघी इथेच आहात म्हणून इथे आणलं. आपसात ठरवा."

मी हिरवी सुतळी पाहिली आणि ओळखली.

"माझं असणार," ओडेसा म्हणाली. "मेणकागद मागवला होता."

"मेणकागद एवढा जड असतो होय गं?" ओनाइडा म्हणाली.

मी म्हणाले, "राहू द्या, नंतर बघू, चॉकलेट लागतंय." पण ओडेसाच्या हातात कात्री होती, आणि ओडेसाच्या हातात कात्री असली की तिला कुणी थांबवलेलं नाही. सुतळी तोडली, झाकण उघडलं. आत तयार पिठाचे चोवीस पुडे. पिवळ्या केकचे, वर चित्र, अंडी आणि पाणी घाला की झालं. तेच, जे या बेटावरच्या प्रत्येक सुनेला मी सांगितलंय की असलं पीठ आळशी शहरी बायका वापरतात.

ट्वायला, सगळ्याजणी त्या खोक्यावर वाकल्या. मी मनात खोटं जुळवत होते. म्हणणार होते की मेव्हिसनं गरिबांना वाटायला पाठवलंय. तोंड उघडणार, तेवढ्यात ओडेसा पुड्यांकडे बघत म्हणते,

"हे माझं नाही. माझं गुरुवारच्या बोटीनं येतं."

आणि मग तिनं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

ओनाइडा खाली बसली. म्हणाली, "गुरुवारी? अगं मग मी बावीस वर्षं मंगळवारी कशाला मागवतेय? तुम्हाला दिसू नये म्हणून मी पुडे बोटीच्या वल्ह्यांखाली लपवून घरी नेते!"

एकेकीनं सांगायला सुरुवात केली. एकीचा भाऊ आणतो, एकीचे कोंबड्यांच्या खाद्यात घालून येतात. गेल्या वर्षी लग्न होऊन आलेली कार्ली उभी राहिली. कधी बोलत नाही ती. म्हणाली, "ऑर्फाकाकू, तुम्ही मला तीन वेळा पीठ चाळायला लावलंत. तीन वेळा! माझे केस पांढरे झाले होते."

"तेव्हा तुला शोभत होते," मी म्हणाले. आणि मग जे हसू फुटलं ते आवरेना. ओनाइडाचा कमरपट्टा तुटला. दारात ड्वेन टोपी हातात घेऊन उभाच होता. त्याला म्हणाले, "तुला माहीत होतं?"

"वीस वर्षं," तो म्हणाला. "मी बोट चालवतो, तोंड चालवत नाही."

तर हे असं आहे. म्हणून मी कृती देत नव्हते. आमदारांपुढे माझं नाव घेऊन तू खोटं वाचणार, नाहीतर खरं वाचून माझी शोभा करणार. यातलं काहीच मला नको होतं. बारावं मांजर वगैरे जे लिहिलंस ते मूर्खपणाचं होतं. माझ्या भीतीचा आणि तुझ्या येण्याचा काही संबंध नव्हता. सिनेमाचं मी लिहिलं, कारण दुसरं काही सुचेना.

आता लाज गेली, भीतीही गेली. दुसऱ्या कागदावर कृती लिहिलीय. माझ्या हाताची आहे. ओडेसानं बाजूला बसून अक्षरं सांगितली, तरी चुकाच आहेत. तशीच वाच. सुधारलीस तर कळेल मला.

केक ड्वेनबरोबर येतील. बारा आहेत. खालचे दोन ओडेसाचे आहेत, ते आवडत नसलेल्या आमदारांना दे.

आजी

*

अनॅपोलिस
२२ फेब्रुवारी २००८

आजी,

आधी निकाल. समितीनं ठराव मंजूर केला. अजून दोन्ही सभागृहांत मतं पडायचीत, पण आमदारबाई म्हणतात, आता कुणी अडवत नाही. अडवणाऱ्यांची तोंडं काल चॉकलेटनं भरलेली होती.

मी तुझा कागद वाचला, एक अक्षर न बदलता. "तयार पिठाचे दोन पुडे. उगाच तोंड वाकडं करू नका. पीठ चमच्याच्या पाठीनं थाळीत इतकं पातळ पसरा, की थाळी खालून दिसेल. आठ मिनिटांत काढा. थर गरम असतानाच लेप लावा, हात भाजला तर भाजू द्या. दहा थर, कारण पातळ थरांत लेप मुरतो आणि दिवसभर पाण्यावर असलेल्या माणसाच्या डब्यात केक सुकत नाही. आठही चालतात. सात करायचे असतील तर तुमच्या घरी करा."

पुड्यांचं वाचलं तेव्हा खोलीत कुजबुज झाली. चष्मेवाले एक आमदार पुढे वाकून म्हणाले, "बाजारचं पीठ? मग यात बेटाचं असं काय राहिलं?"

पण कागदाच्या मागच्या बाजूला तू लिहिलं होतंस, "कुणी वाकडं विचारलं तर हे वाच." मी उलटून वाचलं. "तुम्ही दुधाला राज्याचं पेय केलंत तेव्हा गाय कुणाची ते विचारलंत का? पीठ दुकानातून येतं. थर आमच्या हातातून येतात. तुम्हाला हाच पुडा देते, दहा थर करून दाखवा, मी बेट सोडून जाईन."

हसण्यापायी सभा दोन मिनिटं थांबवावी लागली. चष्मेवाल्यांनी दुसरा तुकडा मागितला. तो ओडेसाकाकूचा निघाला, पण त्यांना कळलं नाही.

आजी, आता एक विचारते, आणि या वेळी वाऱ्याचं कारण सांगू नकोस. माझ्या येण्याचा संबंध नव्हता असं तू लिहिलंस. पण ये असंही नाही लिहिलंस. मिसेस पेत्राकिस काल पुन्हा विचारत होत्या. मी त्यांना काय सांगू?

ट्वायला

*

स्मिथ बेट
२६ फेब्रुवारी २००८

ट्वायला,

"ये" पाहुण्यांना म्हणतात. घरच्या माणसाला कुठली बोट पकडायची ते सांगतात. शुक्रवारी दुपारची पकड.

हार्लनच्या दुकानाची किल्ली माझ्याकडे आहे. सोमवारी आम्ही पाचजणींनी ते झाडून काढलं. फळीखाली मेलेला पाणबगळा निघाला, त्यावर ओनाइडा अर्धा तास किंचाळली. तुझा बाप छपरावर चढलाय. बूट बाहेर काढून चढलाय, एवढं त्याला कळायला लागलं. दोन जुन्या शेगड्या देवळाच्या हॉलमधून आणल्या, पाद्रीबाबांना सांगितलं की राज्याचं काम आहे. ते वाद घालणार होते, पण कार्ली पुढे आली आणि असं काही बोलली, की ते मलासुद्धा नवं होतं. त्या पोरीला तू कामावर घे. ओडेसा म्हणते पाटीवर तिचंही नाव हवं. मी म्हटलं, पाटी लांब पडेल. तर रुसून गेलीय. दुपारी येईल परत, तिला दुसरीकडे बसायला जागा नाही.

तुझं सामान फार आणू नकोस. चांगले बूट आण, जाड मोजे आण. सिनेमा इथे नाही. दवाखाना बोटीनं पाऊण तासावर आहे, आणि बोटीवर बसल्यावर निम्मी दुखणी आपोआप बरी होतात. पाणी वर चढतंय ते चढू दे, दुकान ओट्यावर आहे. तुझी खोली मागची, मांजरांच्या शेजारी. रात्री भांडतात. तुलाही सवय होईल, त्यांनाही.

पहिल्या दिवशी मी दार उघडं ठेवून केक करीन. वारा आला तर आला. तू जवळ उभी राहून बघ, मध्ये बोलू नकोस.

आता नीट ऐक. या पत्राला तू उत्तर लिहायचं नाहीस. तुझं लिहिणं बारा वर्षं पुष्कळ वाचलं. उत्तर मिसेस पेत्राकिस यांनी लिहायचं, त्यांच्या स्वतःच्या हातानं, की खोली रिकामी झाली, किल्ली मिळाली, मुलगी गेली. खाली सही करायची. आणि ते पत्र पोस्टात टाकायचं नाही. तू खिशात घालून आणायचं, आणि बोटीवरून उतरल्या उतरल्या माझ्या हातात द्यायचं.

आजी